तळाशी नाव नसलेलं भांडं

सॅन फ्रान्सिस्को
१२ नोव्हेंबर

ती. रागना आत्यास एस्कीलचा शि. सा. न. वि. वि.

तू ई-मेल उघडत नाहीस म्हणून हे पोस्टाने. बातमी मोठी आहे, तेव्हा आधी कॉफी ओतून घे. मी नोकरी सोडतोय. जानेवारीअखेर मोकळा होईन, असं साहेबांना सांगूनही टाकलं.

गावात कुणी गेलं की बायका आपापल्या भांड्यात हॉटडिश भाजून त्या घरी पोचवतात. तोच खिमा, तेच डब्यातलं मश्रूमचं सूप, वर बटाटे. पण आता सवड कुणाला आहे? ते काम मी करणार. एक फोन केला की गरम हॉटडिश दुःखाच्या दारात, सोबत पाठवणाऱ्याच्या नावाचं छापील कार्ड. आणि मी आंधळी उडी घेत नाही हं. बांधण्याआधी लोकांना विचारा, असं इथे शिकवतात. म्हणून ऑक्टोबरात आलो होतो तेव्हा प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी पिणाऱ्या एकूणएक बाईला मी विचारलं. एकीनेही नाही म्हटलं नाही. बहुतेकजणी "वेगळंच आहे" म्हणाल्या. डोरिस काकू तर "इंटरेस्टिंग आहे हो" असं दोनदा म्हणाल्या.

आता फक्त तुझी सही हवी. आजोबांचं हार्डवेअरचं दुकान तुझ्या घराखाली इतकी वर्षं नुसतं बंद पडून आहे. खिळ्यांचे खण आणि तो लांब लाकडी काउंटर तोडून काढला की स्वयंपाकघर सहज बसेल.

लोभ असावा, टिंगल बेताची असावी.
तुझा एस्कील


नोर्डाल, मिनेसोटा
१९ नोव्हेंबर

चि. एस्कीलला आत्याचे अ. उ. आ.

कॉफी ओतून घेतली होती. ती टेबलक्लॉथवर सांडली.

अरे, दहा वर्षं काय बाहेर राहिलास, घरची भाषाच विसरलास! "वेगळंच आहे" म्हणजे मी हे माझ्या कुत्र्यापुढेही ठेवणार नाही. "इंटरेस्टिंग" म्हणजे विषय बदल. डोरिसने ते दोनदा म्हटलं, म्हणजे बिचारीला पळायला वाट मिळत नसणार. आपल्याकडे एखादी गोष्ट मनापासून आवडली तर माणूस म्हणतो, "फारसं वाईट नाही." तुझे आजोबा आजीच्या स्वयंपाकाला हे उभ्या जन्मात एकदा म्हणाले, तर ती आठवडाभर गुणगुणत फिरत होती. तुला कुणी म्हटलं का तसं? त्या बायकांनी तुला हरभऱ्याच्या झाडावर चढवलंसुद्धा नाही रे. तू स्वतःच शिडी घेऊन गेलास.

आणि भांड्याच्या तळाशी चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं असतं, ते विसरलास? सगळे पाहुणे गेल्यावर, काही दिवसांनी, घरातलं माणूस ते भांडं घासून परत द्यायला येतं आणि तेव्हा कुठे चार शब्द खरे बोलतं. तुझं भांडं घेऊन त्याने कुठे जायचं? तुझ्या छापील कार्डाकडे?

काउंटरचं म्हणशील तर मी त्याच्याखाली खेळून वाढले. अजून रोज सकाळी खाली उतरून त्याच्यावरून एकदा हात फिरवते. तो तोडायला सही देताना माझ्या जिवावर येईल. पण तुझ्या तोंडावर दार लावावं अशी मी नाही. अट एकच. ज्या दिवशी एक माणूस, एकच, खिशातून पैसे काढून तुझी हॉटडिश मागेल, त्या दिवशी सही करीन. हो म्हणायला कुणाचं काय जातं?

लोभ आहे. नसता तर एवढी शाई घालवली नसती.
तुझी रागना आत्या


सॅन फ्रान्सिस्को
२८ नोव्हेंबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

नाकाला मिरच्या झोंबल्या, पण अट मान्य. जाहिरातीची कार्डं छापून गावात पाठवली आहेत. एक चर्चच्या फळ्यावर, एक पेट्रोल पंपावर, एक गुरांच्या खाद्याच्या दुकानात. फोन नंबर तुझा दिला आहे, कारण इथल्या नंबरवर गावातलं कुणी फोन करणार नाही. ऑर्डर आली तर चाचणीपुरती एक हॉटडिश तूच तुझ्या ओव्हनमध्ये कर. तुला विचारलं नाही, कारण तू "वेगळंच आहे" म्हणाली असतीस.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.
तुझा एस्कील


नोर्डाल
९ जानेवारी

चि. एस्कीलला अ. उ. आ.

तुझा धंदा कसा चालला आहे ते ऐक. डिसेंबरात गावात तीन माणसं गेली. तिन्ही घरी भांड्यांची रीघ लागली, जागा पुरेना म्हणून काही बर्फात ठेवावी लागली. इथे फोन आला तो फक्त डोरिसचा. भांडं परत करावं लागतं की ठेवून घेता येतं, एवढंच तिला हवं होतं. मी जिंकल्याच्या तोऱ्यात घरभर फिरत होते.

मग मंगळवारी हार्लन ट्वेटचा फोन आला. खडीच्या खाणीपाशी राहतो तो. चर्चच्या नव्या छपरावरून भांडून बाहेर पडला, त्याला पुष्कळ वर्षं झाली. तेव्हापासून आपल्यापैकी कुणी त्याची पायरी चढलेलं नाही. रविवारी त्याची बायको बर्निस गेली. पेट्रोल भरताना त्याने तुझं कार्ड पाहिलं. आधी विचारलं, हे फक्त चर्चवाल्यांसाठीच आहे का. मग विचारलं, पाठवणारा आणि घेणारा एकच असला तर चालतं का. कशासाठी, असं मी विचारलं. तेव्हा तो म्हणाला, "तिची बहीण फार्गोहून येतेय. टेबल अगदीच रिकामं दिसायला नको."

पैसे घेणार नाही म्हटलं. तो अडून बसला. मी फारच कडक बोलले आणि फोन ठेवला. हॉटडिश केली, तळाशी माझं नाव चिकटवलं. मग डोरिसला फोन करून जे बोलायचं ते बोलले, फार गोड शब्दांत नाही. संध्याकाळपर्यंत ट्वेटच्या टेबलावर हात ठेवायला जागा नव्हती. आपलं गाव मायाळू आहे म्हणून आपणच आपली पाठ थोपटत असतो. लाज वाटली मला.

तर एस्कील, तुझं गिऱ्हाईक होतं. खरं, रोख पैसे मोजणारं. तू विचारलंस तळघरात, आणि ज्याच्या घरी कुणी भांडं नेत नाही तो तळघरात येतच नाही. तुला तो सापडला नाही, आणि त्याने तुला शोधलं तेव्हा मी तो पळवला. पैसे हातात पडले नाहीत, म्हणून सहीपण देत नाही. लबाडी म्हण हवं तर.

काल तो भांडं घासूनपुसून परत द्यायला आला. दुपार सरेस्तोवर बसला होता. उठताना म्हणाला, फारसं वाईट नव्हतं.

लोभ होता तेवढाच आहे, तुझा उरला असेल तर.
रागना आत्या


सॅन फ्रान्सिस्को
१७ जानेवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

धंदा उघडण्याआधीच त्याचं एकमेव गिऱ्हाईक पळवणारी आत्या सगळ्यांच्या नशिबी नसते. दोन दिवस तुझ्यावर चिडलो. मग ते रिकामं टेबल डोळ्यांपुढून हलेना.

नोकरी गेली ती गेलीच. साहेबांना भीत भीत विचारलं, तर माझ्या जागी दुसरा नेमलाही आहे. म्हणून घरी येतोय. आता कुणाला काही विचारणार नाही. दर बुधवारी दुपारी दुकान उघडायचं. काही तोडायचं नाही. आजोबांच्या काउंटरपुढे माळ्यावरची स्टुलं मांडायची, तुझ्या ओव्हनमधलं एक मोठं भांडं ठेवायचं, ते संपलं की दार बंद. पैसे घ्यायचे. हार्लन ट्वेट फुकट जेवायला येणार नाही, पण पैसे देऊन कदाचित येईल. लोक काय म्हणतात तिकडे कान द्यायचा नाही. पुढच्या बुधवारी परत कोण येतं ते बघायचं. उन्हाळ्यापर्यंत स्टुलं रिकामीच राहिली, तर फार्गोत नोकरी शोधीन.

तुला मात्र विचारतो, कारण घर तुझं आहे आणि ओव्हनही. कसा वाटला बेत? गावच्या भाषेतच सांग, आता समजते.

लोभ असू दे, आणि माळ्यावरची खोली गरम असू दे.
तुझा एस्कील


नोर्डाल
२४ जानेवारी

चि. एस्कीलला अ. उ. आ.

खोली झाडून ठेवली आहे. स्टुलं खाली काढली, तर सगळ्यांचे पाय डगमगतात. शनिवारी हार्लन येऊन ठोकून देणार आहे. खिळे आपल्याच खणातले. कशासाठी ते त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. डोरिसला सांगितलं. ती म्हणाली, इंटरेस्टिंग आहे हो.

जाड मोजे आण. लोभ आहेच.
तुझी रागना आत्या

ता. क. बेत फारसा वाईट नाही.