लावण्याच्या जर्नलमधलं एक पान

सोम., २ फेब्रु.

लावण्याच्या जर्नलवर सही झालेली नाही. ऑफिसातल्या क्लार्कबाईंनी दुपारी सांगितलं; मग मीच कपाट उघडून खात्री केली. दहावी ब ची त्रेचाळीस जर्नल मुख्याध्यापिका बाईंच्या सही-शिक्क्यानिशी गठ्ठ्यात. चव्वेचाळिसावं बाजूला, वर पेन्सिलीनं 'सरांनी भेटावे'. सर म्हणजे मी.

कारण प्रयोग ७. कॉपर सल्फेटच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा ठेवायचा. खिळ्यावर तांबूस थर चढतो, निळा रंग फिका पडतो. पुस्तकात तसंच आहे. लावण्यानं लिहिलंय: 'वीस मिनिटे थांबले. खिळा तसाच. पाणी निळेच. बदल नाही.' खाली माझी लाल टिक आणि माझ्याच अक्षरात 'छान'.

शनिवारी प्रॅक्टिकल. जर्नलवर सही नसेल तर बाई बसू देणार नाहीत.

मंगळ., ३ फेब्रु.

डिसेंबरात झालं ते असं. लॅबमधले खिळे गंजके, मुलं बोटं पुसत बसतात, म्हणून स्वतः जाऊन नवं पाकीट आणलं. दुकानदाराला म्हणालो, गंज न धरणारे द्या. त्यानं दिले. स्टेनलेस स्टील. त्यावर तांबं कशाला चढतंय!

तास संपल्यावर लॅबवाले रशीदभाई पाकीट उलटसुलट करून बघत होते. "क्या सर, काम लोहे का, और तुम इष्टील लेको आए. इत्ते साल पेपर में क्या छापते थे?"

दुसऱ्या दिवशी जुनेच खिळे पॉलिश पेपरनं घासून प्रयोग पुन्हा केला. दहा मिनिटांत लाल. लावण्यानं पुढच्या पानावर तेही लिहिलं, तारखेसकट.

बाकी त्रेचाळीस जणांनी पुन्हा लिहिण्याची तसदी घेतली नाही, कारण त्यांना पहिल्याच दिवशी, स्टीलच्या खिळ्यावर, तांबूस थर दिसला होता. गेल्या वर्षीची जर्नल घरोघर फिरतात. कुणाच्या ताईचं, कुणाच्या शेजारच्या दादाचं. वर्गात प्रयोग होवो न होवो, निरीक्षण आधीच तयार. लावण्या घरात थोरली. तिच्याकडे जुनं जर्नल नाही.

आणि मी एका बैठकीत चव्वेचाळीस जर्नल तपासली, वर्तमानपत्रात असताना रात्री डेस्कवर शेवटचं पान सोडायच्या वेळी तपासायचो तशी. तिचं वाचलं, कारण मजकूर कमी भरला होता. बाकीच्यांवर नुसत्या टिका.

बुध., ४ फेब्रु.

मधल्या सुट्टीत मु.अ. बाईंकडे.

"पोरगी खरी आहे, मला कळत नाही का सर? पण बाहेरचे परीक्षक दोन जर्नल शेजारी-शेजारी ठेवणार. प्रयोग एक, तारीख एक. मग एक तर ही खोटी, नाहीतर त्रेचाळीस खोटी."

म्हणालो, तिच्या पानाखाली मी लिहून देतो. खिळा माझ्यामुळे चुकला.

"द्या की. आणि त्रेचाळीस टिका कुणाच्या, तेही त्यातच लिहा."

बाकीच्यांकडून ते पान नव्यानं लिहून घेऊ?

"सह्या झाल्या, शिक्के पडले. आता तीन दिवसांत सगळी फोडायची? पालक येऊन बसतील इथं." मग आवाज खाली आणून, "तुम्ही तासिकेवर आहात. जूनला याल, न याल. मला इथंच राहायचंय. तिला एक पान काढायला सांगा, पुढच्यावरची तारीख बदलायला सांगा. पाच मिनिटांचं काम. जर्नल आणि निरोप क्लार्कबाईंकडून आजच तिला पाठवते, पण ऐकते ती तुमचंच."

बाईंचं चुकतंय कुठे, हे शोधत सायकल स्टँडपर्यंत आलो. सापडलं ते माझंच.

गुरु., ५ फेब्रु.

लावण्याचे वडील आले. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतात. अर्धा दिवस मोडून आले होते. खुर्चीवर बसले नाहीत.

"घरात लई कटकट चाललीय सर. मी म्हटलं, फाड. तिची आई म्हटली, फाड. ही जर्नल उशाखाली घेऊन झोपती. लेखीत हिचं काय खरं नसतं, तुमाला म्हाईतच आहे. हे वीस मार्कच हिला वर काढतात. हिथं गेली तर सायन्सच राहतंय की."

म्हणालो, बघतो.

"बघू नका, सांगा. घरात सारखं 'सर म्हणाले, सर म्हणाले' चालू असतंय. दिसेल ते लिहायचं, सर म्हणाले. आता सरांनीच दुसरं म्हणावं."

म्हणालो होतो खरं, पहिल्याच तासाला. फळ्यावरही लिहिलं होतं. वर्गानं ते वहीत उतरवून घेतलं होतं, बाकी सगळं उतरवतात तसं.

शुक्र., ६ फेब्रु.

शाळा सुटल्यावर लॅबमध्ये बोललो. रशीदभाई उद्यासाठी परीक्षानळ्या धूत होते.

एकदाचं म्हणून टाकलं. पान काढ. पुढचं आहेच.

"पण तेबी झालं होतं की सर."

झालं होतं. खिळा चुकीचा होता.

"मग खिळा चुकीचा होता, असं लिहू?"

तसं लिहिलं की बाकीच्यांच्या लाल थराचं काय, हे तिला कोणत्या तोंडानं सांगू! परीक्षेपुरतं काढ, म्हणालो.

रशीदभाई मध्येच, "बेटी, पैले पास हो जा. सच्ची बात भागको नै जाती."

ती हसली. मग जर्नल दप्तरात सरकवत, आवाज न चढवता, "बाकीच्यांना लाल दिसलं, त्यांनाबी टिक. मला नाही दिसलं, मलाबी टिक. सर, तुमाला काय दिसलं होतं?"

निळं. एका शब्दाचं उत्तर. मी म्हणालो, उद्या नऊला गेटवर ये.

रात्री साडेआठला तिच्या वडिलांचा फोन. जर्नल पुढ्यात घेऊन बसलीय, जेवणाला बोलावलं तरी उठत नाही. पान काढलं का विचारलं तर दाखवत नाही.

परीक्षक टेंभुर्णीहून येतात, दहापर्यंत पोचतील. प्रॅक्टिकल साडेदहाला. मु.अ. बाई साडेनऊपासून ऑफिसात असतील. पान काढलेलं असलं तर उभ्या-उभ्या सही करणार, नसलं तर लावण्या व्हरांड्यात. नऊला गेटवर भेटायचं ठरलंय. "येते सर," म्हणाली. पानासकट की पानाशिवाय, ते गेटवरच कळेल.