मनगटाची दोरी

ता. १४, रविवार दुपार

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत, तू कसा आहेस, एवढं लिहून झालं की पुढे काय लिहायचं ते मला कधीच सुचत नाही. पत्राचं खातं तुझ्या ताईचं. तिच्या पत्राखाली 'दाजींचे आशीर्वाद' खरडलं की माझं काम संपायचं. आज अख्खं पत्र माझ्या अक्षरात बघून तू आधी शेवटची ओळ वाचली असशील. घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत.

बाबा काठी टेकत कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येतात. उजव्या पायाने त्यांना शिलाई मशीनचं पायडल रेटवत नाही, म्हणून मी मशीनला मोटर बसवून दिली. तर त्यावरही कुरकुर, मशीन माझ्यापुढे पळतं म्हणे. चाळीस वर्षं टेलरकी केलेला माणूस आता दिवसाला एखादी पँट आखूड करतो आणि उरलेला वेळ खिडकीत बसतो. ताईचा आवाज नेहमीसारखाच आहे, दोन घरं पलीकडे ऐकू जातो.

परवा गॅरेजमध्ये एक गिऱ्हाईक क्वाड घेऊन आलं. तुझी होती तशीच, चार फुगीर चाकांची, दोन्हीकडे पाय टाकून बसायची रेसची गाडी. मागे टेम्पोत साडेचारशे सीसीचं इंजिन. "फ्रेम आहे, इंजिन आहे, फक्त बसवून द्या," म्हणाला. मी म्हटलं, हे काम मी करत नाही. तो म्हणाला, "बाहेर बोर्डावर तर लिहिलंय." मी शिडी लावली आणि बोर्डावरच्या त्या ओळीवर त्याच्यादेखत ब्रश फिरवला. माझं डोकं फिरलंय असं समजून तो निघून गेला.

'फक्त' म्हणे. आपल्याला दोन महिने लागले होते. जुनं अडीचशेचं इंजिन अर्ध्या तासात खाली आलं, आणि नवं काही केल्या फ्रेममध्ये मावेना. पुढचा पाइप कापून वाकवला, इंजिन धरणारे माउंट नव्याने बनवले, तर चेन अर्धा इंच बाजूला. सगळं उखडून पुन्हा पहिल्यापासून. तू पुठ्ठ्याची मापं कापून आणायचास तीही बाबांच्या कापडाच्या कात्रीने, आणि धार गेली की बाबा आपल्या दोघांच्या नावाने खडे फोडायचे. मोठं इंजिन त्यांना नकोच होतं. शेवटी म्हणाले, "जावई बसवतोय ना, मग माझी हरकत नाही." त्या एका वाक्यावर मी किती दिवस फुशारलो होतो ते ताईला विचार. म्हणजे, विचारू नकोस.

बुधवारी तुझं पत्र आलं. ताईने ते जेवताना मोठ्याने वाचलं. गोदामात फोर्कलिफ्ट चालवायची चांगली नोकरी तुला मिळत होती आणि तू नको म्हणालास. तू लिहिलंस, 'जो माणूस शर्यतीत दोरी मनगटाला लावायला विसरतो आणि वर पुन्हा लावलीच होती म्हणून भांडतो, त्याच्या हातात गाडी देऊ नये. मी आता घराचं कुलूपसुद्धा तीनदा ओढून बघतो.' ताई म्हणाली, "निदान कबूल तरी केलं त्याने." मी ताट तसंच ठेवून उठलो.

भुंग्या, तू दोरी लावली होतीस.

हे चार शब्द लिहायला मला दोन वर्षं लागली. आता उरलेलंही लिहितो.

दोरीचं एक टोक मनगटाला, दुसऱ्या टोकाची टोपी हँडलवरच्या स्विचवर. माणूस पडला की टोपी ओढली जाते आणि इंजिन बंद पडतं. पण त्या स्विचच्या दोन वायरी जुन्या इंजिनच्या होत्या, नव्याच्या वायरिंगला त्या जुळेनात. शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी मी त्यांच्या टोकांना काळी टेप गुंडाळून त्या टाकीखाली सारल्या. म्हटलं, आधी इंजिन सुरू तर होऊ दे, मग जोडू. ते पहिल्याच झटक्याला सुरू झालं. तू मला उचललंस, आठवतं? त्या आनंदात मी वायरी साफ विसरलो. इथपर्यंत ती चूक होती.

रविवारी तू वळणावर पडलास. चिखलाने अ‍ॅक्सिलरेटर अडकलेला, गाडी तशीच सुसाट निघाली आणि कडेच्या दोरखंडापलीकडे उभ्या असलेल्या बाबांवर गेली. मी धावत जाऊन प्लगची टोपी उपटली तेव्हा कुठे इंजिन थांबलं. हँडलवरच्या स्विचची टोपी निघालेली दिसली, तरी इंजिन चालूच राहिलं होतं, आणि मला त्या वायरी आठवल्या.

लोक बाबांभोवती जमले होते. तू एकटाच पडलेला, बेशुद्ध, दोरी मनगटाला. मी तुझ्यापाशी बसलो आणि ती सोडवली. बघणाऱ्यांना वाटलं असेल, नाडी बघतोय. मग गाडीपाशी परत जाऊन दोरीची टोपी स्विचवर बसवली आणि दोरी हँडलला गुंडाळून ठेवली. शर्यतीचे पंच आले, त्यांनी दोरी पाहिली आणि मला विचारलं, "याला लावायला सांगितलं नव्हतं?" मी म्हटलं, "सांगितलं होतं."

इस्पितळात तू मला एकट्याला गाठून विचारलंस, "दाजी, तुम्ही तर बघितलं होतं ना मला लावताना?" बघितलं होतं. शर्यतीआधी तू मनगट माझ्यापुढे धरलंस, मी दोरी ओढून बघितली आणि 'जा' म्हटलं. तुला मात्र मी सांगितलं, "माझं लक्ष टायरकडे होतं." बाहेर येऊन सगळ्यांना म्हणालो, डोक्याला मार आहे, त्याला नीट आठवत नाही. गाडी मी एकट्याने खोलून विकली. कोणी काही विचारलं नाही, मेकॅनिक मीच होतो.

भीती वाटली म्हणून केलं. बाबा मला जावयाहून जास्त मानत, ते जाईल याची भीती. दुसरं कारण शोधून सापडलं नाही.

आज जेवणं झाल्यावर मी दोघांना हे सांगितलं. ताई उठून आतल्या खोलीत गेली, अजून बाहेर आलेली नाही. बाबांनी विचारलं, "लावली होती असं तो किती वेळा म्हणाला होता?"

"तीन वेळा. इस्पितळात दोनदा, आणि घर सोडताना दारात एकदा."

"आणि मी काय म्हणालो होतो?"

ते नजर हलवेनात, म्हणून सांगितलं. "खोटं बोलणारा मुलगा मला नको, असं म्हणाला होतात."

बाबांनी उठून कागद-पेन माझ्यापुढे ठेवलं. मग म्हणाले, "तूच लिही त्याला. माझं पत्र तो फोडायचा नाही. तुझं फोडेल, तुझ्यावर अजून त्याचा विश्वास आहे."

म्हणून लिहिलं. माफी मागत नाही, ती मागायला तोंड नाही. एवढंच कर, ती नोकरी अजून रिकामी असेल तर पत्र मिळताच जाऊन विचार. आणि कुलूप एकदाच लाव. ते नीट लागलेलं असतं.

खाली 'दाजी' लिहायला हात धजत नाही.

विसरलो ते मी,
तुझ्या ताईचा नवरा