गोल कोपऱ्यांची पट्टी

प्रिय दादा,

'प्रिय' लिहिलं ते सवयीने. खोडणार होते, मग म्हटलं राहू दे, कागद घाण दिसेल. फोन करत नाही, कारण फोनवर तू मला गुंडाळतोस. पाच मिनिटांत हसवतोस, नव्या घराची बाल्कनी दाखवतोस, आईला फोन दे म्हणतोस, आणि मी मूळ मुद्दा विसरून चहा टाकायला जाते. कागदाला काही तू हसवू शकणार नाहीस. तेव्हा बस आणि शेवटपर्यंत वाच.

गेल्या बुधवारी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी आपलं हॉस्पिटल ठप्प झालं. ('आपलं' हीसुद्धा सवयच. तू नोकरी सोडून चार महिने झाले.) तळमजल्यावरच्या नेटवर्कच्या खोलीतला मोठा राउटर बसला. लॅबचे रिपोर्ट वर जाईनात, औषधांच्या खिडकीवरचे स्क्रीन गोठले, वॉर्डातले फोन मुके झाले, कारण तेही त्याच तारांवरून चालतात. ऑपरेशन थिएटरमधून रक्तपेढीला फोन लागेना, तेव्हा तिथली एक सिस्टर चिठ्ठी घेऊन चार मजले धावत उतरली. दुसऱ्या जिन्यात घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. चिठ्ठी तिने डाव्या हातात घेऊन पोचती केली. पेशंट वाचला. हे आधीच सांगते, नाहीतर तू पुढचं वाचणार नाहीस.

आता मी तुला तुझाच धडा शिकवणार आहे. राउटरचा मेंदू असतो रूट प्रोसेसर. पाटीएवढं एक कार्ड, पुढच्या बाजूला चार दिवे, कन्सोलचं भोक, पेन ड्राइव्हची जागा, आणि आत स्वतःची मेमरी, स्वतःचं घड्याळ, सगळ्या सेटिंगची स्वतःची प्रत. आपल्या राउटरला असे दोन मेंदू आहेत, एकावर एक बसवलेले. वरचा काम करतो आणि खालचा कान टवकारून बसतो. वरचा गेला की खालचा इतक्या पटकन ताबा घेतो की फोनवर बोलणाऱ्याला कळतसुद्धा नाही. यंत्र चालू असताना कार्ड बाहेर काढता येतं, परत बसवताही येतं. अट एकच. सरळ ढकलायचं आणि दोन्ही बाजूंच्या दांड्या दोन्ही हातांनी एकदम मिटायच्या. माझ्या पहिल्याच दिवशी तू माझे दोन्ही हात धरून त्या दांड्या मिटायला लावल्या होत्यास. आतल्या पिना केसासारख्या असतात, वाकडं गेलं की खेळ खलास, असं बजावलं होतंस. मी आजतागायत कधीच एका हाताने कार्ड बसवलेलं नाही.

बुधवारी वरचं कार्ड गेलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, यंत्र आहे, जातं कधीतरी, म्हणून तर दोन असतात. पण खालचं जागचं हललं नाही. वायरमन काकांनी स्टोअरमधून जादाचं कार्ड धावत आणलं, मी वरच्या खाचेत ते बसवलं, पेन ड्राइव्हवरून सेटिंग चढवली, आणि ते सुरू होईपर्यंतची आठ मिनिटं सुपरिटेंडेंट साहेब माझ्या मानेवर श्वास सोडत उभे होते. एकंदर सत्तर मिनिटं गेली.

खालचं कार्ड का हललं नाही, ते मी त्याच दिवशी दुपारी जुना लॉग, म्हणजे यंत्राने स्वतः ठेवलेली नोंद, काढून पाहिलं. तुझा शेवटचा आठवडा. मंगळवार. चार दहाला कार्ड बाहेर. चार बावीसला आत. चार तेवीसला निकामी. मेमरी वाढवायचं काम तुझ्याच नावावर होतं. दुसरा हात कशात अडकला होता, तेही मला माहीत आहे. घर दाखवणाऱ्या एजंटाशी तू तेव्हा दिवसभर बोलत असायचास. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने एक दांडी. कार्ड तिरकं गेलं आणि मागच्या दोन पिना आडव्या झाल्या. मी बॅटरी घेऊन आत डोकावून पाहिलं. अजून तशाच आहेत.

चुकलास, ठीक आहे. माणूस चुकतो. चुकीबद्दल मी पत्र लिहिलं नसतं. पण तू काय केलंस? सांगितलं असतंस तर चौकशी झाली असती, कार्यमुक्तीचा कागद अडकला असता, नवी नोकरी पंधरा दिवस लांबली असती. एवढंच ना? तर तू स्क्रू घट्ट पिळलेस, लाल दिव्यावर काळी पट्टी चिकटवलीस, आणि देखरेखीच्या स्क्रीनवर आलेली सूचना 'बघितली, दुरुस्ती चालू आहे' अशी नोंद टाकून गप्प केलीस. माझ्या नावाने! चार चाळीसला मी दंतवैद्याच्या खुर्चीत होते. अक्कलदाढ नुकतीच उपटली होती, तोंडात कापूस. तुझा फोन आला, अर्जंट आहे, पासवर्ड सांग. मी त्या कापसातून एकेक अक्षर सांगितलं. तू दोनदा विचारलंस आणि हसलास. मीही हसले. सख्ख्या भावाने पासवर्ड मागितला तर कोण विचारतं कशाला म्हणून? आता त्या नोंदीसमोर माझं नाव आहे आणि तुझे हात स्वच्छ आहेत. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

माझीही चूक आहे, तीही लिहिते. ती पट्टी मी तुझ्यामागे निदान दहादा पाहिली. कोपरे गोल कापलेले होते. असे कोपरे जगात तीनच माणसं कापतात. काका, तू आणि मी. बाबा गेल्यावर काकांनी तुला एकोणिसाव्या वर्षी हाताला धरून हॉस्पिटलात आणलं, तार सोलायला शिकवलं, पट्टीचा कोपरा गोल कापला की ती धुळीने उचकटत नाही हे शिकवलं, आणि चार वर्षांनी तेच सगळं मला. मला वाटलं, काकांनीच लावली असेल, जुना दिवा असेल कुठलातरी. उचकटून पाहायचं डोक्यातच आलं नाही. विश्वासाने माणूस असा आळशी होतो.

आता मुद्द्याचं. काका दर बुधवारी अकराला राउटरमागची धूळ काढतात, हे तुला माहीत आहे. त्या बुधवारीही ते तिथेच होते. चौकशी समितीला आयता माणूस मिळाला. म्हातारा, हातात ब्रश, आणि यंत्र बंद. सोमवारी आम्हा दोघांना बोलावलं. मला त्या नोंदीबद्दल विचारलं आणि मी म्हणाले, आठवत नाही. खोटं बोलले. लॉग माझ्या पिशवीत होता आणि तुझं नाव जिभेवर, पण जीभ उचलली नाही. मग काकांना विचारलं. ते म्हणाले, माझाच धक्का लागला असेल. समितीने सुटकेचा श्वास सोडला. काकांच्या सेवापुस्तकात 'निष्काळजीपणा' असा शेरा पडणार. छत्तीस वर्षांत एक ठिपका नाही आणि निवृत्तीला तीन महिने उरलेत.

मी बाहेर त्यांच्यावरच चिडले. धक्का लागला नव्हता हे तुम्हाला पक्कं माहीत आहे, मग असं का बोललात, म्हणून भांडले. त्यांनी हत्यारांची पेटी उघडली. झाकणाच्या आत ती काळी पट्टी चिकटवलेली होती. बुधवारी मी वरच्या कार्डाशी झटत होते, तेव्हा त्यांनी खालची पट्टी सोलली, लाल दिवा पाहिला, कोपरे पाहिले, आणि पट्टी खिशात घातली. त्यांनी लावलेली नाही, मी लावलेली नाही. उरलं कोण, हे त्यांना तिथेच कळलं. पेटी मिटताना एवढंच म्हणाले, "त्याची नोकरी नवीन आहे गं. माझी संपतच आलीय."

त्या क्षणी मला तुझा जो राग आला, तसा जन्मात कुणाचा आला नव्हता. मी तिथे पायऱ्यांवर बसून रडले आणि काकांनी मलाच पाणी आणून दिलं.

तर ऐक, पत्र कशासाठी आहे ते. मी तुझी परवानगी मागत नाहीये. समितीला माझा दुसरा जबाब आज सकाळी दिला. लॉगची प्रत जोडली, मी पासवर्ड दिला हे लिहिलं, सोमवारी खोटं बोलले हे लिहिलं, आणि तुझं नाव लिहिलं. पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट. आईला संध्याकाळी सांगितलं. देवाजवळचा तुझा फोटो तिने अजून हलवलेला नाही. काकांना यातलं काही ठाऊक नाही. शुक्रवारी दहा वाजता शेवटची बैठक आहे, आणि ते परत तेच म्हणणार आहेत, माझाच धक्का लागला. माझ्या कागदाने ते गप्प बसणार नाहीत, मला ओळखतात ते, म्हणतील पोरगी मला वाचवायला बघते. त्यांना गप्प बसवू शकेल असा माणूस एकच आहे. गुरुवारी रात्रीची गाडी धरलीस तर सकाळी नऊपर्यंत पोचशील. पट्टी काकांकडून मागून घेतली आणि या पाकिटात घातली आहे. पुरावा म्हणून मला ती नकोय. येताना घेऊन ये आणि त्यांच्या हातात स्वतः दे, दोन्ही हातांनी.

तुझीच, शुक्रवारपर्यंत तरी,
धाकटी