वाफेची दोन मापं

प्रिय हुशार माणसा,

नावाने हाक मारायची सवय मी मोडली, म्हणून हे. कसा आहेस, असं विचारणार नाही. तुझ्या नव्या भट्टीपाशी उभं राहून खोकले, तेव्हाच ते कळलं. चिमणीतून वर जायचा धूर भट्टीच्या तोंडातून उलटा येत होता आणि काच फुंकणारी माणसं डोळे चोळत काम करत होती. भट्ट्या तपासणं हेच आता माझं काम आहे, आणि तुमच्या मालकांनीच मला बोलावलं होतं. तू नेमका रजेवर होतास म्हणे.

चिमणीचा तुझा हिशेब मागवला आणि पहिल्याच पानावर हसू फुटलं. कॉलेजात माझं बघून उतरवताना तुला किती वेळा सांगितलं असेल! एक माप मिथेन जाळायला दोन मापं ऑक्सिजन लागतो. निघतं एक माप कार्बन डायऑक्साइड आणि दोन मापं वाफ. सगळं गार झालं की वाफेचं पाणी होतं, मग ती दोन मापं धरायची नाहीत. तू ‘धरायची नाहीत’ तेवढं पाठ केलंस आणि ‘गार झालं की’ विसरलास. अरे, तुझ्या भट्टीतही मिथेनच जळतो; तिच्या धगधगत्या चिमणीत वाफेचं पाणी कसं होईल? ती दोन मापंही तिथूनच बाहेर पडणार. तू ती सोडून दिलीस आणि चिमणी अरुंद बांधलीस.

मी तिथे नोकरीला असताना बांधलेल्या पहिल्या भट्टीत असं झालं नाही, कारण तो हिशेब माझा होता. त्यावर तू स्वतःचं नाव घातलंस आणि वर उचलली जीभ लावली टाळ्याला, साहेबांना म्हणालास, ती नुसती आकडेमोड करते. तरी मी गप्प बसले. लग्न ठरलं होतं ना आपलं! नवरा-बायको एकाच कारखान्यात बरं दिसत नाही म्हणालास, मी राजीनामा दिला. मग तुला बढती मिळाली आणि लग्नही नकोसं झालं. तेलही गेलं, तूपही गेलं. त्याचा राग अजून आहे, आणि तो मी जपून ठेवलाय.

काल तुझी धाकटी बहीण आली होती. बिचारी अजून चुकून वहिनी म्हणते. दादाची नोकरी जाईल, चिमणीत काजळी साठली होती एवढंच लिही, असा तुझा निरोप तिने खाली मान घालून सांगितला. तिला चहा पाजला, उत्तर दिलं नाही. ते तुलाच द्यायचं होतं, म्हणून हे पत्र. भट्टी मी बंद करवली आहे. आपल्या भांडणात त्या माणसांची छाती धुराने भरायला नको. काजळी कुठेही नाही, मी स्वतः आत डोकावले. अहवाल सकाळीच मालकांच्या हाती दिला. सोबत तुझा हिशेब जोडलाय, आणि त्याखालचं तुझं नाव तसंच राहू दिलंय.

एके काळची तुझीच,
आकडेमोड करणारी