चिमट्याचं घड्याळ

सोमवार, ८ ऑक्टोबर
आलो एकदाचा राजधानीत, त्बिलिसीला! कुताइसीत घड्याळं जुळवायची कामं मी जेवणाच्या टेबलावर करायचो, बायकोची बोलणी खात. इथे कारखान्यात खिडकीपाशी स्वतःचं टेबल आहे. फळ्यांवर छतापर्यंत सोव्हिएत जमान्यातली यंत्रं रचलीयत. त्यांच्या काचेच्या नळ्यांत नारिंगी आकडे पेटतात. त्यांचीच आम्ही घड्याळं करायची. मालकीण त्सियाला मावशी, जिभेला हाड नाही. म्हणाली, गोचा, कुताइसीची माणसं बोलतात फार, हात चालतात का बघू.

मंगळवार, ९
माझं पहिलं काम म्हणजे बंद पडलेल्या एका आरोग्यधामातलं नाडी मोजायचं यंत्र. त्याचं घड्याळ होऊन शुक्रवारी गिऱ्हाइकाकडे जायचंय. त्याला बोटाला लावायचा रबरी चिमटा आहे. शी! आत पिवळा मेणचट थर, केस, वर नखाचा तुकडा. कापून टाकणार होतो, तर मावशी कडाडली, खबरदार! लोकांना यंत्र जसंच्या तसं हवं असतं. मग तिने पावावर वाइन शिंपडली, यंत्र ज्यांनी वापरलं त्या मेलेल्यांच्या नावाने. म्हणाली, हा त्यांचा घास, संध्याकाळपर्यंत पाव हलवायचा नाही. तो लिबलिबीत गोळा, त्यावर माश्या! तिची पाठ वळताच कचऱ्यात टाकला.

बुधवार, १०
नळ्या पेटल्या, पण सेकंद पुढे सरकेनात. तपासायला ठोके हवे होते, म्हणून श्वास रोखून स्वतःचंच बोट चिमट्यात घातलं. आकडे धावायला लागले! पण आत कोमट, ओलं काहीतरी बोटाला चाटून गेलं. ईऽऽ! बोट काढलं तरी घड्याळ चालूच. तीनदा साबण लावला, वर स्पिरिट. शिळ्या चरबीचा वास जात नाही. हाच हात घेऊन जेवायचं कसं?

गुरुवार, ११ — सकाळी
बोट पांढरंफटक, सुरकुतलेलं. पुसायला गेलो तर नख फडक्यात आलं. दुखलंसुद्धा नाही. ओकलो. यंत्राच्या पत्र्याला घाम सुटलाय, चिकट. मी जिना चढून आलो की सेकंद भराभर पळतात —

दुपारी
प्लग काढून पाहिला. छातीत एकदम शांत. ठोकाच नाही. गुडघ्यांवर पडलो, कसाबसा परत खुपसला. मावशीला सांगितलं. म्हणाली, कामचुकारपणाला हे नवीन निमित्त वाटतं? पावाचं मात्र सांगवलं नाही. लाज वाटली.

शुक्रवार, १२
मावशी खोकं घेऊन आलीय. गिऱ्हाईक दारात. एक हात प्लगवर घट्ट, दुसऱ्याने लिहितोय. पत्र्यातून आता केस उगवलेत, बारीक, ओले — माझ्याच रंगाचे. प्लग काढू नको म्हणून पाया पडलो तिच्या, पाव टाकल्याचंही सांगितलं. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, अरे गाढवा, मग असल्या घाणीला चालू कशाला ठेवलंस? सोड तो प्लग. सोडत नाही म्हटल्यावर म्हणाली, बरं राजा, नाही हात लावत. आणि तरातरा गेली दाराजवळ — तिथे भिंतीवर मेन स्वि