कोरड्या पायाची पट्टी

बोईसर,
१२ फेब्रुवारी १९९८

पुंजाराम भावजींस,

रत्नाचा आशीर्वाद. आई आणि मी खुशाल आहोत. मुलांच्या परीक्षा जवळ आल्या असतील. इथे सकाळी कारखान्यांचा वास येतो. आईंना आता त्याची सवय झाली आहे.

धाकट्या जाऊबाईंचं, तुमच्या मंगलाचं, पत्र काल मिळालं. त्यावरूनच लिहायला बसले, पण लेखणी दुसरीकडेच वळते आहे.

तुम्ही आईंना इथे आणून सोडलंत तेव्हा घोट्यावरची जखम वर्षभर चिघळलेली होती. साखरेमुळे भरतच नव्हती. इथले डॉक्टर दर आठवड्याला आईंचंच रक्त काढायचे, यंत्रात फिरवायचे आणि त्यातला पिवळसर भाग जखमेवर लावायचे. रक्त गोठवणारे बारीक कण त्यात असतात, तेच जखम भरायला मदत करतात. मी वाचनालयातून पुस्तक आणून वाचलं, निम्मं कळलं. आई तिथल्या नर्सला, जमुनाला म्हणायच्या, "माझंच रगत काढायचं, मलाच लावायचं, आन् नाव डॉक्टरचं!" जमुना म्हणायची, "आजी, सुई तरी आमची हाय ना!"

भावजी, जखम कार्तिकातच भरली. डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं. आई बाहेर बाकावर होत्या. मोतीबिंदूमुळे त्यांना स्वतःचा पाय दिसत नाही. मी बाहेर येऊन म्हणाले, "अजून ओल आहे." तुम्हालाही तीन पत्रांतून तेच लिहिलं. बरी झाली की घेऊन जाईन, असं तुमचं बोलणं होतं ना.

तुमचे दादा गेल्यापासून चार वर्षं मी या खोलीत एकटी. दार लावलं की सकाळपर्यंत माणसाचा आवाज नाही. आता रोज पट्टी सोडायची, पाय धुवायचा, पुन्हा बांधायची. तासभर जातो. आई तेवढा वेळ दादांच्या लहानपणच्या खोड्या सांगतात.

मंगला लिहिते, आईचा पाय बरा होईस्तोवर वहाणा घालणार नाही असा तुम्ही नवस केलात. टाचेत बाभळीचा काटा मोडला, टाच पिकली, आणि तुम्हालाही साखर निघाली. मला का कळवलं नाहीत? आजच्या आज वहाणा घाला आणि टाच डॉक्टरांना दाखवा. तुमचा नवस तीन महिन्यांपूर्वीच फिटला आहे. तेवढे दिवस तुम्ही माझ्यामुळे अनवाणी फिरलात.

काल आईंना खरं सांगायचं ठरवून पट्टी सोडली. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "कोरडा हाये पाय. डोळं गेलं, बोटं न्हाई गेली माझी. बांध तू."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तू तरी बोललीस व्हय?"

मी पट्टी बांधली नाही.

तुम्ही या. मुलगा असताना म्हातारी विधवा सुनेकडे का, असं गाव विचारत असेल, ते मला कळतं. न्यायला आलात तर अडवणार नाही. एवढंच करा, जायचं की राहायचं ते त्यांना विचारा, आणि मी समोर नसताना विचारा. मी पाण्याला जाईन. इथे नळाला धार बारीक असते. घाई करू नका.

तुमचा भरवसा मोडलेली,
रत्नावहिनी