वासाचा रकाना

२ मार्च २००९, सोमवार

झाले बाप्पा एकदाची रुजू! सकाळच्या गाडीनं सौंदडहून गोंदियाला उतरले, ऑटोवाल्याशी हिंदीत भांडले आणि साडेनऊला दवाखान्यात हजर. साठ खाटांचा खाजगी दवाखाना आहे. माझं काम कर्मचाऱ्यांवर लक्ष ठेवायचं, म्हणजे त्यांच्यावर नाही, त्यांना काय बाधेल त्यावर. कोणाला सुई टोचली, कोणाची काविळीची लस राहिली, रक्ताचे बोळे कोणत्या बादलीत गेले, औषधाची वाफ कुठं साचली. मोठ्या साहेबांनी स्वतः चहा पाजला. आईला फोन केला तर ती रडायलाच लागली. बाबा म्हणाले, हिच्या नाकाला शोभेल असंच काम मिळालं. बाबा तीस वर्षं राइस मिलमध्ये आहेत, मूठभर तांदूळ हुंगून सुवासिक चिन्नोर खरा की भेसळीचा ते सांगतात. ते नाक माझ्याकडे आलंय. माझं खुशबू हे नावही त्यांनीच ठेवलेलं.

४ मार्च

आज दुर्बिणीची खोली पाहिली. पोट तपासायच्या दुर्बिणी तिथं टबातल्या हिरव्या पाण्यात बुडवून निर्जंतुक करतात. त्या औषधाचं खरं नाव ग्लुटाराल्डिहाइड, पण एवढं लांब नाव इथं कोणी घेत नाही, हिरवं पाणी म्हणतात. दार उघडलं आणि नाकाला मिरच्याच झोंबल्या. सडक्या सफरचंदासारखा तिखट वास. बुडवायचं काम सुशीलाबाईंचं. पन्नाशीच्या आहेत आणि बोलायला फटकळ. मला पाहून म्हणाल्या, एवढीशी पोरगी कायले पाठवली. मग आपल्या डब्यातला अर्धा भात माझ्यापुढं सरकवला.

वाफ मोजायचं यंत्र दुरुस्तीला नागपूरला गेलंय, वर्ष झालं. तोवर वहीत वासाचा रकाना आहे. सकाळी आत जायचं, वास घ्यायचा आणि लिहायचं : तीव्र, थोडा किंवा नाही. तीव्र असला की खिडक्या उघडायच्या, तासभर काम बंद. नाही असला की दार लावून एसी सुरू. मी ठसक्यात लिहिलं, तीव्र.

टेबलाच्या खणात लवंगांची डबी सापडली. माझ्याआधीच्या भोजराजची, असं सुशीलाबाई म्हणाल्या. त्याला खोकला होता, सदा गालात लवंग. फेब्रुवारीत वारला बिचारा. डबी मी फेकून दिली.

१७ मार्च

आज ‘थोडा’ लिहिलं. सुशीलाबाई खूश, काम लवकर आटोपलं. म्हणाल्या, पंधरा दिवसांत सगळ्याचं नाक बसते, माह्यंही बसलं. खोटं कशाला बोलू, मलाही बरंच वाटलं. परवाच साहेबांनी ऐकवलं होतं, फार नाकानं कांदे सोलू नका, पेशंट ताटकळतात.

१ एप्रिल

नाही! आज पहिल्यांदा ‘नाही’ लिहिलं, आणि हे एप्रिल फूल नाही. साहेबांनी शाबासकी दिली. सुशीलाबाईंना जरा खोकला झालाय. उन्हाळ्याचा असेल म्हणे.

८ एप्रिल

खोलीत लवंगेचा वास येतो. दुसरा कसलाच येत नाही, फक्त तो. मानेमागून येतो, कोणी अगदी जवळ उभं राहून श्वास सोडावा तसा. सुशीलाबाईंना विचारलं. त्यांना कशाचाच येत नाही. डबी तर मी फेकली होती.

१४ एप्रिल, जयंती

सौंदडला आले. सकाळी वंदना झाली, मिरवणूक झाली. आईनं माझ्यासाठी चिन्नोर रांधला. तिनं झाकण काढलं, वाफ माझ्या तोंडावर आली. वास नाही. बाबांना वाटलं, मी थट्टा करतेय. मग त्यांनी कच्चे तांदूळ मुठीत घेऊन माझ्या नाकाशी धरले. आईनं कांदा आणला, अगरबत्ती आणली, शेवटी रॉकेल आणलं. काहीच नाही. मी आत जाऊन खूप रडले.

म्हणजे खोलीतला वास गेलाच नव्हता. माझं नाक गेलं. दोन आठवडे मी ‘नाही’ लिहितेय, आणि दोन आठवडे सुशीलाबाई दार लावून आत बसतात.

१५ एप्रिल

सरळ साहेबांकडे गेले. खोली बंद करा म्हटलं. ते म्हणाले, वहीत येईल ते खरं. उद्या तीव्र लिहा, उद्या बंद करू.

जुनी वही काढली. भोजराजचं अक्षर तिरकं आहे. तीव्र, तीव्र, थोडा, नाही, नाही. अगदी माझ्यासारखंच. तो वारला अठरा फेब्रुवारीला. ‘नाही’ मात्र अठ्ठावीसपर्यंत लिहिलंय. त्याच तिरक्या अक्षरात. ऑफिसातल्या चुन्नीलाल बाबूंना विचारलं. म्हणाले, मॅडम, भोजराज गया उसी दिन से वो रजिस्टर तो आलमारी में बंद था. चावी त्यांच्याकडेच होती.

१६ एप्रिल

तीव्र लिहिलं. ठळक लिहिलं. तीनदा वाचलं.

दुपारी पाहते तर दार बंद, सुशीलाबाई आत. धावत जाऊन वही उघडली. ‘नाही’ लिहिलेलं. माझ्याच पेनाच्या शाईत. अक्षर तिरकं.

१७ एप्रिल

सुशीलाबाईंचा हात धरून सांगितलं, आत जाऊ नका. त्या चिडल्या. “तूच तं लिहून राहिली ना, बाई, नाही म्हणून! तुह्या भरोशावर जातो मी.” ओठ निळसर दिसत होते. दोन पायऱ्या चढल्या की धाप. माझ्या भरोशावर — देवा.

१८ एप्रिल

पान फाडलं. पुढच्या पानावर ‘नाही’. तेही फाडलं. त्याच्या पुढच्यावर —

लवंग आता मानेमागं नाही. तोंडात आहे. बोट घालून पाहिलं, जिभेखाली खरंच लवंग होती. मी ठेवली नव्हती.

मलाही खोकला —

२० एप्रिल, सकाळ

आज वहीला हात लावला नाही. ही रोजनिशीच दाखवणार. इथं तरी माझं अक्षर माझं आहे. दुर्बिणीच्या खोलीबाहेर बाकावर बसलेय. दार बंद. आत सुशीलाबाई खोकताहेत. ढकललं, हलत नाही. ओरडायला गेले तर नुसता खोकला निघतो, आवाज नाही. चुन्नीलाल बाबू येताहेत. मोठ्या अक्षरात लिहिते —

वास तीव्र आहे. फार तीव्र आहे. दार उघडा. सुशीलाबाई आत —

आतला खोकला थांबला.

बाबूंनी पान वाचलं. हसले. म्हणाले, ठीक है मॅडम, ‘नाही’ लिखा है ना, फिर दरवाजा काहे को खोलना. गेले.

मी तीव्र लिहिलंय. तीव्रच लिहिलंय. हे अक्षर तिरकं काऊन — सुशीलाबाई — दार — वास ना